उंबरवाडीचा पाऊण मैल

नसरापूर फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि दोन बाकडी. पण पुण्याहून साताऱ्याकडं जाणारा ट्रक इथं थांबल्याशिवाय पुढं सरकत नाही, म्हणून मी त्याला हॉटेल म्हणतो. कुणाला हरकत असेल तर त्यानं दुसरीकडं चहा प्यावा. या बाकड्यांवर आजवर नाना तऱ्हेची माणसं बसून गेली. बहुतेकांची मला नावंही आठवत नाहीत, आठवायची इच्छाही नाही. एका माणसाचं मात्र मनाला लागून राहिलंय. गेनू मैलकुली.

मैलकुली म्हणजे सरकारनं ज्याच्या गळ्यात हायवेचा एक मैल बांधलाय असा माणूस. त्या मैलातले खड्डे त्यानं बुजवायचे, कडेची गटारं मोकळी ठेवायची, पावसात झाड आडवं पडलं तर ओढून बाजूला करायचं आणि मैलाच्या दगडाला चुना लावायचा. गेनूचा मैल माझ्या हॉटेलापासून साताऱ्याच्या अंगाला सुरू व्हायचा. बाकीचे मैलकुली दगडाला दिवाळीला चुना लावत. गेनू लावायचा चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, अंघोळ करून आणि ठेवणीतला पांढरा सदरा घालून. सदऱ्यावर चुन्याचे डाग पडत आणि सुटीला घरी गेला की बायकोची बोलणी खाई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दिसायला काळा, काटक, डोक्याला खाकी पटका आणि हातात लाल निशाण. चौथीपर्यंत शिकलेला. वाचायला मात्र अधाशी होता, आणि वाचायला मिळायचं ते माझ्याच दुकानातलं. भजी बांधायला मी पुण्याहून रद्दी आणायचो. त्यात वर्तमानपत्रं असत, मासिकं असत, कुणाच्या तरी शाळेची जुनी पुस्तकं असत. गेनू आधी कागद वाचणार, मग मी त्यात भजी बांधणार. गिऱ्हाईक खोळंबायचं, मी ओरडायचो, आणि हा आपला शांतपणे म्हणायचा, "जगनशेठ, भजी काय पळून जात्यात का? ह्यो कागद मातूर गेला की गेला."

अशाच एका कागदावर त्याला तक्ता सापडला. जगातल्या कोणत्या देशात किती लांबीचे रस्ते आहेत, त्याचा. त्या दिवसापासून आमच्या फाट्याला नवीन खूळ लागलं.

पहिली अमेरिका. सदतीस लाख मैल. ते वाचून गेनूचा चेहरा असा पडला की जणू अमेरिकेनं त्याच्याच वावरातून रस्ते नेलेत. पण मग आपला आकडा सापडला, नऊ लाखांच्या वर, आणि गडी एकदम उठून उभा राहिला. विलायतेचे फक्त दोन लाख! "एवढी वर्सं आमच्यावर राज्य केलं," तो अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आन सोताच्या घरी रस्तं बगा!" पुढं जपान, सहा लाख. जपानही मागं. ट्रकवाल्यांना हे फार आवडलं. येता जाता ते हॉर्न वाजवून विचारायचे, "गेनूभाऊ, आज कुठला देश हाणला?" आणि गेनू हातातलं निशाण हलवून एकेका देशाचं नाव घ्यायचा.

परदेशात नुसत्या मोटारींसाठी रस्ते असतात, हेही त्यानं वाचलं होतं. तिथं बैलगाडी चालत नाही, माणूस चालत नाही, मधेच थांबायची सोय नाही. हे त्याला पटलं नाही. "ज्याच्यावर मानूस चालत न्हाई त्याला रस्ता का म्हनायचं?" असं त्याचं म्हणणं. मला वेगळीच काळजी. थांबायचं नाही तर त्या देशातले लोक चहा पितात कुठं?

आमच्या या खेळावर पाणी ओतलं ते नसरापूरच्या मास्तरांनी. मास्तर रोज शाळा सुटल्यावर अर्धा चहा प्यायला येत आणि कुणी खुशीत दिसलं की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी तो कागद हातात घेतला, चश्मा वर केला आणि म्हणाले, "गेनू, जपानचे सहा लाख मैल आहेत. आपले नऊ लाख किलोमीटर आहेत. मैलात केले तर पावणेसहासुद्धा भरत नाहीत. जपान पुढं आहे."

आता बोला. काही वर्षांपूर्वी ज्याच्या डोळ्यांदेखत मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे बसवले, ज्यानं ते नवे दगड खांदा लावून गाडीतून उतरवले, त्याच माणसाची ही चूक! मी पोट धरून हसलो. गेनू हसला नाही. मास्तर एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले. ते म्हणाले, "आणि आपल्या नऊ लाखांतले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे. पावसाळ्यात तिथं म्हैससुद्धा जात नाही."

"कच्चा तर कच्चा," गेनू म्हणाला. "हाय त्यो हाय, मास्तर. मोजायचाच."

हे वाक्य मी तेव्हा विसरून गेलो. पुढं ते मला फार वेळा आठवलं.

गेनूला रस्त्यांचं एवढं काय होतं ते समजायला त्याचं गाव पाहायला हवं. विंझरच्या पुढं, गुंजवण्याच्या अंगाला उंबरवाडी आहे. माझी बहीण तिथं दिलेली, त्यामुळं मला ते गाव घरच्यासारखं. गाव वर माळावर. गावाची गाडीवाट माळाच्या कडेनं, खडकावरून, मोठा वळसा घेऊन गावात शिरते. आणि खाली, भाताच्या खाचरांच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला बौद्धवस्ती. वाडवडलांच्या काळात चांगली उंच जागा गावानं घेतली आणि ओली, सखल जागा त्यांना दिली. हे काही कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण गावात उभं राहिलं की दिसतंच. वस्तीला वाट अशी नव्हतीच. खाचरांच्या बांधांवरून एकामागं एक चालायचं. बांधाची माती ढासळली की मालकाच्या शिव्या खायच्या. वस्तीतल्या नवरीची वरातसुद्धा त्या बांधावरून एकेक माणूस अशी जायची.

त्या वस्तीतल्या गेनूला हायवेची नोकरी लागली आणि त्याला जग रुंद झालं. "ह्यो रस्ता कुनाच्या बापाचा न्हाई, जगनशेठ," तो मला एकदा म्हणाला होता. "हितं सायबाची मोटार बी चालती आन माजी रतन बी चालती. कुनी म्हनत न्हाई, बाजूनं जा." खरं होतं ते. गावात बसताना त्याला कुठं बसावं याचा विचार करावा लागे. हायवेवरच्या बाकड्यावर मुंबईचा, मद्रासचा, पंजाबचा ड्रायव्हर मांडीला मांडी लावून बसे आणि पुढच्या चहाची ऑर्डर देई.

रतनबाई ही त्याची बायको. उंच, सडपातळ, बोलायला मोजकी आणि बोलली की नेमकं बोलणारी. ती वाडीवरच राहायची. थोडी शेती होती, ती बघायची, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर भाताचं किंवा लाकडांचं ओझं घेऊन नसरापूरला यायची. लेक लीला भोरला दिलेली. लेकीचं सासर बरं होतं, फरशीचं घर होतं, आणि तेच रतनबाईच्या जिव्हारी लागलं होतं. पावसाळ्यात लेकीकडं जायचं म्हणजे खाचरांतून गुडघाभर चिखल तुडवायचा, मग मैलोगणती चालायचं, तेव्हा कुठं एसटी. भोरला व्याह्यांच्या दारात पोचेपर्यंत पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पापुद्रे निघालेले असायचे. लेक लगबगीनं पाणी आणायची आणि विहीणबाई फरशीकडं बघायच्या. माझ्या हॉटेलात ओझं उतरवताना एकदा ती म्हणाली, "भावजी, मला दुसरं कायबी नगं. येकदा पाय कोरडं घिऊन लेकीच्या दारात जायाचंय." मी म्हटलं, होईल. असं म्हणायला माझ्या काय खिशातलं जात होतं?

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. आमचा हा भाताचा मुलूख, इथं पाऊस नको म्हणायची वेळ यायची, पण त्या वर्षी इथंही भात पोटरीत येऊन वाळलं. सरकारनं जागोजाग रस्त्याची कामं काढली. उंबरवाडीलाही रस्ता निघाला. वरच्या अंगाला कामाला मुकादम पाहिजे होते, माणसं पुरत नव्हती, म्हणून ओव्हरसियर साहेबांनी गेनूला हायवेवरून उचललं. "तुझंच गाव आहे, तूच बघ," असं म्हणाले. गेनूनं मला ही बातमी सांगितली तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. इतकी वर्षं तो देशांचे रस्ते मोजत होता. आता त्याच्या स्वतःच्या गावाला रस्ता होणार होता आणि तो कुठून जायचा हे त्याला विचारलं जाणार होतं.

आणि विचारलं गेलंही. ओव्हरसियरांकडं अशी वीस कामं होती, आज इथं तर उद्या तिथं. त्यांनी गेनूला आणि चार गावकऱ्यांना उभं केलं आणि म्हणाले, लाईन सांगा. गेनूनं हात लांब केला आणि सरळ दाखवली. विंझरच्या वाटेपासून निघून भाताच्या खाचरांमधून थेट बौद्धवस्तीच्या दारातून आणि तिथून वर गावात. वळसा नाही, आडवळण नाही. पाऊण मैलाचा सरळ रस्ता.

खाचरं वरच्या गावातल्या बाजीराव आण्णांची. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण त्या वर्षी खाचरात काय होतं? भेगा पडलेली माती, त्यात हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. कुदळ मारली तर ठणका उठावा इतकी जमीन कडक. आण्णा म्हणाले, "घ्या. रस्ता व्हतोय तर माजंबी भात गाडीनं जाईल."

नाही म्हणाली ती एकटी रतनबाई. हे मला पुढं गेनूनंच सांगितलं, आणि शब्दन् शब्द सांगितला, कारण त्याला ते विसरता येत नव्हतं.

ती म्हणाली होती, "अवं, त्या खाचरात उपळी हायेत. सावनात जिमिनीतनं पानी वर येतं, तुमी लहानपनी त्यात खेकडं धरलेत. गाडीवाट म्हातारी मानसं उगाच वरनं न्हाई न्हेत. खडकावरनंच जाऊ द्या रस्ता. आन सायेब इचारत्यात तवर आपल्या वस्तीला तितनं येक फाटा मागून घ्या. खाचर तितं अरुंद हाय, सरकारनं दगडाचा भराव घातला की भागंल."

"फाटा?" गेनू उसळला. "फाटा म्हंजे भीक. आजवर गावानं आपल्याला वळसा घातला. आता रस्ता आपल्या दारातनं जाईल आन गाव आपल्या दारातनं घरी जाईल. हायवे कुनाच्या दाराला वळसा घालतो का?"

"हायवे म्या बगितला न्हाई कुठनं आला त्यो," रतनबाई म्हणाली. "ह्यो चिखूल मातूर बगितलाय."

"तू गप. जगात रस्तं कसं करत्यात ते म्या वाचलंय."

तिला वाटलं असेल, हा सरकारी माणूस, याला कळत असेल. आणि जमीन तर डोळ्यांसमोर दगडासारखी कोरडी होती. ज्यांनी जन्मभर त्या खाचरात पाय रुतवले त्यांनाही त्या वर्षी तिथं पाणी होतं हे खरं वाटेना. सगळा मुलूख पाण्यासाठी आभाळाकडं बघत होता, तेव्हा जमिनीतल्या पाण्याची भीती कुणाला वाटणार? आणि गेनूची गोष्ट खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्याला जे हवं होतं ते हक्काचं होतं. चुकलं ते फक्त एवढंच की मातीला हक्क कळत नाही, आणि मातीबद्दल ज्या बाईला कळत होतं तिला त्यानं गप्प बसवलं.

हिवाळा आणि उन्हाळा काम चाललं. रतनबाई त्याच कामावर खडी फोडायला बसली. उन्हात फाटक्या पोत्याची सावली करून वस्तीतल्या आणि गावातल्या बायका ओळीनं बसायच्या, आणि दुष्काळानं एक गोष्ट चांगली केली, सगळ्यांची खडी एकाच ढिगात पडायची. मी बहिणीकडं गेलो की बघायचो. गेनू लाल निशाण घेऊन दोरी ताणत फिरायचा. दोरी जरा वाकडी दिसली की पुन्हा ताणायला लावायचा. खाली मोठे दगड, वर खडी, वर मुरूम. रोलर कुठूनसा चार दिवसांकरता आला आणि दुसऱ्या कामावर गेला.

मे महिन्यात ओव्हरसियर साहेबांची जीप त्या रस्त्यानं आली. मीही होतो जीपमध्ये, साहेबांनी खारी आणि चहाचं सामान घेऊन बसवलं होतं. जीप खाचरांमधून सरळ गेली आणि रतनबाईच्या दारात उभी राहिली. उंबऱ्यापासून दोन हातांवर. वस्तीतलं झाडून सगळं माणूस बाहेर आलं. एक म्हातारी नुसती जीपच्या चाकाला हात लावून बघत होती. रतनबाईनं साहेबांना गुळाचा चहा दिला. मग ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि रस्त्याकडं बघत राहिली. गेनू तिला म्हणाला, "बग. हितनंच बसायचं आता येष्टीत. थेट भोर." ती लाजली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण लाजली. मला त्या दिवशी गेनूचा हेवा वाटला. साहेब जाताना म्हणाले, "चला, हा एक रस्ता पुरा झाला. वर कळवून टाकतो."

पुढच्या पावसाळ्यात मृग चांगला गेला. रस्त्यानं पाणी पिऊन घेतलं, मुरूम बसला, गेनू खूश. एसटीवाल्यांना अर्ज द्यायची भाषा सुरू झाली. आषाढ गेला. श्रावणात खाचरांच्या उपळी सुटल्या.

वरून पाणी आलं असतं तर गटार काढून वाटेला लावता आलं असतं. हे पाणी खालून आलं. आधी मुरमावर ओले डाग दिसले, मग डागांतून बुडबुडे. बाजीराव आण्णांची खताची गाडी त्या रस्त्यानं निघाली आणि मधोमध आली तशी दोन्ही चाकं आसापर्यंत खाली गेली. बैल सोडून घेतले. गाडी चार दिवस तिथंच बसली होती. आठवडाभरात खालचे मोठे दगड चिखलात कलंडले आणि खडी दोन्ही अंगाला खाचरांत पसरली. गणपती बसले तेव्हा रस्ता कुठं होता हे दाखवायला मध्ये मध्ये उंचवटे तेवढे राहिले होते.

गेनू तोवर हायवेवर परत आला होता. बातमी कळली तशी त्यानं कुदळ माझ्या हॉटेलात टाकली आणि पायीच निघाला. दुसऱ्या दिवशी बहिणीचा निरोप आला म्हणून मीही गेलो. जे पाहिलं ते पाहायला नको होतं. आण्णा बांधावर उभे राहून गेनूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि त्यांचं तरी काय चुकलं? खाचर खडीनं भरलेलं, पाय ठेवला तर कापतोय, लावलेलं भात दगडाखाली. आणि त्या चिखलात गुडघ्यावर बसून रतनबाई खडी वेचत होती. घमेलं भरायची आणि बांधावर ओतायची. उन्हाळ्यात जी खडी तिनं हातोडीनं फोडली होती तीच. शेजारी गेनू खडी वेचत होता. आण्णा शिव्या देऊन दमले आणि घरी गेले, तरी ती दोघं वेचत होती.

मी बांधावरून हाक मारली, "गेनू, पुरे आता, संध्याकाळ झाली." त्यानं पुढचं घमेलं उचललं. रतनबाई मला म्हणाली, "भावजी, त्यास्नी काय बोलू नका." नवऱ्याला तिनं एका शब्दानं दुखवलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिनं भांडण काढलं असतं तर गेनू सुटला असता, असं मला वाटतं.

त्यानंतर वरच्या गावानं शहाणपण केलं. दोन उन्हाळे श्रमदान करून त्यांनी जुनी गाडीवाट रुंद केली. खडकावरची वाट, तिला काय धाड भरलीय? शहात्तर साली तिथून एसटी सुरू झाली. माळाच्या वळशानं जाते आणि वर चावडीपाशी थांबते. वस्तीपासून तिथं जायचं तर पुन्हा तीच खाचरं, तेच बांध. गेनू माळाच्या त्या वाटेवरून वस्तीला फाटा मागायला ओव्हरसियर साहेबांकडं गेला. हाच फाटा पूर्वी नुसतं तोंड उघडलं असतं तर मिळत होता. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच अवघड वाटलं.

ते म्हणाले, "गेनू, तुझ्या वस्तीला रस्ता झालेला आहे. तूच केलास. पुरा झाला म्हणून वर कळवलाय. एका वस्तीला दुसरा रस्ता मी कोणत्या तोंडानं मागू?"

"सायेब, त्यो गेला की. चिखलात गेला."

"ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "वरच्या हिशेबात तो आहे."

गेनू माझ्याकडं परत आला तो बाकड्यावर बसून राहिला. चहा गार झाला. मी दुसरा दिला, तोही गार झाला. मला राहवेना. मी म्हटलं, "अरे, गाववाल्यांना सांग. त्यांनी वरचा केला तसा खालचा फाटा करतील." तो म्हणाला, "सांगितलं. आण्णा म्हनले, तुमचा रस्ता तुमी सरळ न्हेला व्हता की." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "रतननं फाटाच मागा म्हनलं व्हतं."

तेव्हापासून रद्दीतले कागद तो वाचेनासा झाला. मी मुद्दाम वर्तमानपत्रं बाजूला काढून ठेवी. ट्रकवाले हॉर्न वाजवत, "गेनूभाऊ, आज कुठला देश?" तो निशाणानं त्यांना पुढं जा म्हणून दाखवायचा. पुढं निवृत्त झाला आणि वाडीवर राहायला गेला. दर उन्हाळ्यात तो एकटाच वस्तीपासून माळापर्यंत पायवाटेला दगड घालायचा, त्या वेचलेल्या खडीचेच ढीग नेऊन ओतायचा. दर श्रावणात खाचर ते गिळायचं. रतनबाईचे गुडघे तोवर गेले होते. बांधावरून तोल सांभाळत जाणं तिला जमेना. आखाड लागला की दिवाळीपर्यंत ती उंबऱ्याच्या आत. लेक भोरहून यायची तेव्हा यायची, पण लेकीच्या दारात कोरड्या पायांनी जायचं राहिलं ते राहिलंच. दारात बसलं की समोर माळावरून जाणारी एसटी दिसते. मी स्वतः तिला बघताना पाहिलंय.

गेल्या उन्हाळ्यात तिनं गेनूला सांगितलं, "ऱ्हाऊ द्या आता ते दगडं. म्या कुठं जायाचीय?" हे मला सांगताना गेनू माझ्यासमोर रडला. जपाननं हरवलं होतं तेव्हासुद्धा या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं.

परवा तो बाजाराला आला होता. बाकड्यावर चहा पीत बसला. मास्तरही होते, आता म्हातारे झालेत, पण खोड तीच. हातात वर्तमानपत्र. गेनूला बघून त्यांना जुना खेळ आठवला. त्यांना वाटलं असेल, बिचाऱ्याला जरा बरं वाटेल. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी कुणाला खूश करायचं मनावर घेतलं.

"अरे गेनू," ते पेपर उघडून म्हणाले, "ऐक. आपले रस्ते किती वाढलेत बघ. आता नऊ लाखांचे कितीतरी पुढं गेलो. जगात आपला नंबर फार वर लागतो म्हणे. जपानची आता खैर नाही!"

दोन ट्रकवाले होते, ते जुने, ओळखीचे. त्यांनीही कौतुकानं मान वळवली. मीसुद्धा झारा तसाच कढईवर धरून थांबलो. वाटलं, आता गडी उठेल.

गेनूनं बशी खाली ठेवली. "मास्तर," त्यानं विचारलं, "कच्चं बी धरल्यात का त्यात?"

"धरलेत की. कच्चे, पक्के, सगळे. तूच म्हणायचास ना, हाय तो हाय."

"मंग त्यातनं पाऊन मैल वजा करा," गेनू म्हणाला. "उंबरवाडीचा. त्यो हाय म्हून लिवलाय. पर तितं भात हाय. आन माजी रतन त्याच्या पलीकडं बसून हाय."